मनगटाचा साचा

मी आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढले. पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक झाली तरी तिकडे कारखान्यात लोखंड वाया जातं, या धाकात सगळी नोकरी गेली. निवृत्त झालो आणि हात शिवशिवायला लागले. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, दारांच्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, कुरकुरणारी खुर्ची उलटी करून ठोकून झाली. शेवटी आमची ही वैतागली. "अहो, एका जागी बसा की जरा. आता काय मलाच तेल घालणार आहात?"

हिचं बरं होतं. हिला काम होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही बायकांना मण्यांचं भरतकाम शिकवायची. राईएवढे काचेचे मणी, केसाएवढी बारीक सुई, मेण लावलेला दोरा. हिच्या हातचं फूल दिसलं की लोक बोट लावून बघायचे, रंगवलंय की काय म्हणून. घरात चालताना तळपायाला मणी टोचायचे. मी करवादलो की ही म्हणायची, "टोचला ना? कुठल्या रंगाचा? तोच कमी पडत होता."

मग ती खिडकी झाली. स्वयंपाकघराचं तावदान अडकलं म्हणून ही स्टुलावर चढली, तळहाताने जोरात ढकललं, आणि काच फुटून उजवा हात बाहेर गेला. वर तोल जाऊन पडली ती त्याच हातावर. टाके पडले, हाड जुळवलं, प्लॅस्टर चढलं, यथावकाश उतरलं. हाड छान जुळलं म्हणून डॉक्टर खूश. पण मनगटाच्या आतल्या बाजूला एक व्रण राहिला. गुलाबी-तपकिरी, अंगठ्याच्या मुळाशी सुरू होऊन वळसा घेत खाली उतरणारा. तो सारखा ठणकायचा. बोटं थरथरायची. सुईत दोरा ओवायला गेली की जमायचं नाही, आणि ही खिडकीकडे तोंड करून बसायची.

प्लॅस्टर उतरल्यावर ही एकदाच वर्गावर गेली. एका नव्या बाईने तो व्रण बघून "अय्या!" म्हटलं म्हणे. झालं. त्यानंतर कितीही उकडत असो, लांब बाह्या. ती बाहीसुद्धा सारखी खाली ओढायची. वर्ग बंद पडला. बायकांचे फोन यायचे, ही म्हणायची, "बघू." दिवसभर बडबडणारी बायको गप्प झाली की काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मला घर खायला उठायचं. मी या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गॅलरीत, नुसता फिरत असायचो.

एक दिवस मी म्हटलं, "मण्यांचं रुंद कडं कर. धातूची बांगडी हाडावर दाबते, हे नाही दाबणार. आतून मऊ फेल्ट, वर मणी. व्रण झाकला जाईल. मिरवत वर्गावर जा."

"करते की. तेवढी दोन बोटं उसनी द्या."

"दहा देतो. तू सांग, मी शिवतो."

ही बऱ्याच दिवसांनी हसली. "तुम्ही? शर्टाला बटण लावताना शर्ट पँटला शिवलात, ते तुम्ही?"

ते खरं होतं. पण मी हट्टाला पेटलो. मला हिचं कडं करायचं नव्हतं, मला हिला परत त्या वरच्या खोलीत उभं करायचं होतं. हात चालता झाला की बाकीची ही आपोआप चालती होईल, असा माझा हिशेब.

हे काम असं असतं. जाड कापडावर नक्षी काढायची. सुईत दोन मणी घ्यायचे, कापडावर बसवायचे, सुई खालून मागे आणायची आणि शेवटच्या मण्यातून पुन्हा पुढे काढायची. दोन पुढे, एक मागे. ओळीला ओळ लागत कापड दिसेनासं झालं की खाली वाकवलेली पितळी पट्टी, तिच्याखाली फेल्टचं मऊ लोकरी कापड, आणि कडा शिवून टाकायच्या. ही खुर्चीत बसून हुकूम सोडायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. "दोरा इतका ओढू नका. अहो, मणी आहे तो, नट-बोल्ट नाही."

पहिलं कडं मी टेबलावर सपाट शिवलं. नकाशाची सवय, दुसरं काय. हिने ते डाव्या हाताने वाकवलं आणि मण्यांनी दात विचकले. दर ओळीत फट.

"मनगट काय टेबल आहे?" ही म्हणाली. "आकारावर शिवायचं असतं. मी पावडरचा डबा घ्यायचे."

डबा माझ्या मनाला पटेना. डबा गोल असतो. मनगट चपटं असतं, एका अंगाला हाड वर आलेलं, खाली रुंद होत गेलेलं. डब्यावर शिवलेलं कडं हिच्या हाडावर दाबणारच. हिच्या हातावरच मापं घ्यावीत तर बोट लागलं की ही कळवळायची. आणि मग मला ते प्लॅस्टर आठवलं.

हिने ते फेकून द्यायला सांगितलं होतं. मी माळ्यावर ठेवलं होतं. मी काहीच फेकत नाही. करवतीने कापून काढलेले दोन अर्धे भाग, म्हणजे तयार साचाच की! आतलं कापसाचं अस्तर खरवडून काढलं, दोन्ही भाग पट्टीने जोडले, एक तोंड बंद केलं, चिकटू नये म्हणून आतून तेल लावलं, आणि आत पातळ प्लॅस्टर ओतलं. कापसाची जाडी गेली तेवढीच कड्याला मोकळीक, हवी तेवढी, ना कमी ना जास्त. मी स्वतःवरच खूश झालो. साचा उघडला तेव्हा आत हिचं मनगट होतं. पांढरं, गुळगुळीत, तळव्याच्या मुळापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत.

मी ते मोठ्या कौतुकाने हिला दाखवायला गेलो. हिचा चेहराच उतरला.

"शी! अहो, मी असताना हे कशाला?"

"अगं, मोठा खडू आहे नुसता."

हिने एक बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "खडू गरम असतो?"

मी समजावलं, प्लॅस्टर घट्ट होताना तापतंच, रसायनशास्त्र आहे ते. हिला काही ते पटलं नाही. "ते माझ्यासमोर आणू नका," एवढं बोलून ही उठून गेली. मी ते शेवटच्या छोट्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ते कोमट होतं. ऊन येतं ना खोलीत, मी म्हटलं. मग आभाळ भरून आलं, दिवसभर ऊन पडलं नाही, आणि तरी ते कोमटच होतं. मी त्याचा विचार करायचं सोडून दिलं. विचार करून करणार काय होतो?

काम मात्र झकास सुरू झालं. मी त्या खोलीत, ही बाहेर खोल्यांमधल्या बोळात खुर्ची टाकून, खोलीकडे पाठ करून. नक्षी मी चौकटीच्या कागदावर काढली होती, राखाडी आणि निळ्या लाटा, हिच्या आवडीचे रंग. ताटलीत फक्त राखाडी मणी घ्यायचे, ती ओळ झाली की ताटली पुसून निळे. चूक व्हायला जागाच नव्हती.

तरी चूक झाली. राखाडी ओळ संपवून चष्मा वर केला तर ओळीच्या मध्यावर एक मणी तपकिरी होता. गुलाबीकडे झुकणारा. म्हटलं, चुकून आला असेल. टाका उसवला, मणी काढला, राखाडी घातला. दुसरी ओळ झाली. त्या ओळीत, पहिल्याच्या किंचित खाली, पुन्हा एक. आणि पहिल्या ओळीत जो मी बदलला होता तोही परत तपकिरी.

ताटली बघितली. सगळे राखाडी. भिंग आणलं. दिवा बदलला. मणी उजेडात धरून एकेक सुईत घेतला. बसवेपर्यंत राखाडी, बसला की राखाडी, पुढचा टाका घालून मागे बघावं तर तपकिरी. मी उठून येरझारा घालायला लागलो.

"काय झालं?" बोळातून ही.

"काही नाही. डोळे दमले."

"मग डोळ्यांना तेल घाला," ही म्हणाली. आवाजात जुनी खोडी होती. मला फार बरं वाटलं. मग ही म्हणाली, "अहो, आज ठणकत नाहीये हो. सकाळपासून एकदाही नाही."

मी पुन्हा बसलो आणि पुढची ओळ घेतली. तपकिरी मण्यांची रेघ एका वेळी एक मणी अशी खाली सरकत होती, आणि तिचा वळसा मला ओळखीचा होता. रोज रात्री ही मलम लावताना मी बघत होतो तो. कापड त्या पांढऱ्या मनगटावर ताणलेलं होतं, आणि ती रेघ नेमकी तिथून चालली होती जिथून हिच्या मनगटावर व्रण चालला होता. साच्यात व्रण उमटणं शक्य नाही. मध्ये कापूस होता. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी हिने आपण होऊन बाही वर केली. व्रणाचा वरचा भाग, अंगठ्यापाशी होता तो, दिसत नव्हता. फिकट झाला नव्हता, नव्हताच. खाली मात्र जसाच्या तसा.

"मलम लागू पडलं बाई," ही म्हणाली, आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळत होतं ते मलम नाही. पण बाहीतून बाहेर आलेला तो हात बघून मला इतका आनंद झाला की मी तोंड बंद ठेवलं. कोणी मला दुसऱ्या दिवशी त्या खोलीत जायचं नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

मी झपाट्याने शिवत सुटलो. रेघ खाली उतरत गेली, व्रण वरून मिटत गेला. बोटांची थरथर थांबली. हिने बोळातूनच सुई मागून घेतली, एका दमात दोरा ओवला, आणि लहान मुलीसारखी ओरडली. एव्हाना मी रंग उसवायचं सोडून दिलं होतं. राखाडी लाटांतून एक तपकिरी रेघ गेलेली, वाईट दिसत नव्हती.

लेक सुट्टीच्या दिवशी आली. आईचा हात बघून तिने दोन्ही गालांवर मुके घेतले. "आणि कडं बाबांनी शिवलंय? बाबांनी? दाखवा, हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

मी तिला खोलीत नेलं. मनगटावर चढवलेलं कडं तिने लांबूनच बघितलं. नाक मुरडलं. "बाबा, हात कशाला ठेवलाय हा? पण कडं छान झालंय हं. आणि हा काळा मणी इथे काय सुंदर बसवलाय."

मी काळे मणी डब्यातून काढलेच नव्हते.

चहा पिताना लेकीने आईचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "आई, तुझा तीळ कुठे गेला? इथे होता ना, हाडापाशी? लहानपणी मी तो दाबून घंटा वाजवायचे."

"असेल कुठेतरी," ही म्हणाली. "तीळ कुठे जातोय?"

लेक हसली, मीही हसलो. पण मला कपातला चहा संपवता आला नाही. मी उठून खोलीत गेलो, भिंग घेऊन कडं बघितलं. काळा मणी हाडाच्या उंचवट्यापाशी होता. आणि राखाडी ओळींच्या मधून, माझ्या नक्षीत नसलेल्या, फिकट निळ्या मण्यांच्या दोन बारीक रेघा वर गेल्या होत्या, मध्येच फाटा फुटलेल्या. आपल्या मनगटावर आतून ज्या निळ्या शिरा दिसतात, तशा.

त्या दिवसापासून मी सुई ठेवून दिली. कडा तेवढ्या शिवायच्या राहिल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. हिने विचारलं तर म्हणालो, दोरा संपलाय. माझं कशात लक्ष लागेना. दार उघडून बघायचो, बंद करायचो, परत उघडायचो. कड्याच्या कडा आपल्याआपण शिवल्या जात होत्या की मला तसं दिसत होतं, सांगता येत नाही. एका सकाळी त्या पूर्ण शिवलेल्या होत्या, एवढं खरं.

त्याच आठवड्यात दूध उतू गेलं. मी वास आला म्हणून धावत स्वयंपाकघरात गेलो. हिने उकळत्या दुधाचं पातेलं उजव्या हाताने कडेला धरून उचललं होतं आणि शांतपणे ओट्यावर ठेवत होती. फडकं खांद्यावरच होतं.

"अगं!" मी ओरडलो. "हात!"

"काय झालं हाताला?" हिने हात बघितला. बोटांवर फोड उठत होते. ही त्यांच्याकडे दुसऱ्याच कोणाचा हात असावा तशी बघत राहिली.

हाड जुळवलं होतं त्याच डॉक्टरकडे नेलं. त्याने टाचणी टोचली. हिने डोळे मिटून घेतले होते. "टोचा ना," ही म्हणाली, आणि त्याने तर केव्हाच टोचलं होतं. बोटं हलवायला सांगितली, सगळी सुरेख हलली. मग नाडी बघायला मनगट धरलं. बोटं एका जागी ठेवली, मग जरा सरकवली, मग आणखी. मग त्याने दुसरा हात घेतला, तिथे लगेच मान हलवली, आणि परत उजव्याकडे आला.

"लपलेली असते काहींची," तो शेवटी म्हणाला. माझ्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं. तपासण्या लिहून दिल्या. त्या सगळ्या चांगल्या आल्या.

घरी आल्यावर मी तडक त्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. पांढऱ्या मनगटावर, कड्याच्या खालच्या कडेशी, अंगठ्याच्या बाजूला बोट टेकवलं. माझं स्वतःचं काळीज इतकं धडधडत होतं की आधी काही कळेना. मग कळलं. दोन ठोके वेगळे होते. माझा घाईत होता, तो निवांत.

मी कडं ओढून काढायला बघितलं. ते जरासं सरकलं आणि अडलं.

"आई गं!" बाहेरून ही किंचाळली. "अहो, कातडी ओढल्यासारखं झालं!"

मी कातरीचं टोक एका टाक्याखाली घातलं. तपकिरी रेघेचा पहिला टाका. कापला. मणी टपकन जमिनीवर पडला.

या वेळी हिच्या तोंडातून आवाजच आला नाही. खुर्ची पडल्याचा तेवढा आला. धावत गेलो तर ही बोळात बसली होती, मनगट पोटाशी धरून, ओठ पांढरेफटक. अंगठ्यापाशी कातडीवर एक बारीक लाल ठिपका होता. मी परत आलो, तो मणी चाचपडत शोधला, जागच्या जागी शिवला. बाहेर हिचा श्वास मोकळा झाला.

हातोडीही आणली होती. ती तशीच परत ठेवली. ते हाड एकदा मोडलेलं आहे.

मग मी हिला सगळं सांगितलं. रंग, तीळ, शिरा, ठोका, सगळं. मला वाटलं हिचा विश्वास बसणार नाही. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही टाका घातलात की मला इथे हलकं व्हायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"उसवलं असतंत ना."

"अगं, पण हात भाजला तुझा!"

"भाजला. दुखला का? नाही ना दुखला." ही उठली, मण्यांचा डबा उघडला आणि माझ्यासमोर एक फूल भरून दाखवलं. सुई अशी चालत होती की मी बघत राहिलो. एकही टाका वाकडा नाही, एकदाही थांबणं नाही. हिची नजर हाताकडे नव्हतीच, माझ्याकडे होती. "आयुष्यात असं जमलं नव्हतं मला," ही म्हणाली. "दुखत नाही. कोणी बघितलं तर लाज वाटत नाही. उद्यापासून वर्गावर जाते. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

हेच हवं होतं. मी पुढे होऊन हिचा हात धरला. गार होता, आणि नुसता जड. मी तो दोन्ही हातांत घट्ट दाबला.

"धरलात का?" हिने खाली बघून विचारलं. "कळलंच नाही हो."

मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत हिच्यासमोर मी कधी रडलो नव्हतो. ही डाव्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वर्ग सुरू झाला. बायका खूश, ही खूश. घरात पुन्हा बडबड सुरू झाली, पायाला मणी टोचायला लागले. रस्ता ओलांडताना मी हात धरायचो तो ही लक्षात नसल्यासारखी सोडून पुढे जायची. रागावण्यासारखं काहीच नव्हतं. हिला कळतच नव्हतं. मी आपला हात कुठे ठेवू ते न सुचून खिशात घालायचो.

एका दुपारी मला राहवलं नाही. खोलीत जाऊन बसलो आणि त्या पांढऱ्या मनगटाला, कड्यावरून, हाताचा विळखा घातला. हिचं मनगट धरावं तसाच.

स्वयंपाकघरातला पाण्याचा आवाज थांबला.

"अहो?"

"काय गं?"

"तुम्ही धरलंय?"

"हो."

तिकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग ही म्हणाली, "कळतंय."

तशी आमची सवयच पडली. दुपारी मी या खोलीत, ही स्वयंपाकघरात, मध्ये भिंत, आणि आम्ही हातात हात घालून बसायचो. ही तिकडून वर्गातल्या गमती सांगायची. मी दाबलं की हसायची. लोकांच्या नशिबी एवढंही नसतं, असं मी स्वतःला सांगायचो. माझी येरझार थांबली. मला वाटलं, निभेल हे असंच.

काल लेक जेवून गेली. मी टेबल आवरलं आणि उरलेल्या बश्या घेऊन स्वयंपाकघरात आलो. ही माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. गुणगुणत होती. मी हाक मारणार होतो.

"अहो, पुरे आता," ही म्हणाली. "सोडा. काम करू दे."

मी दारातच थांबलो.

"सोडा म्हणते ना." हसत होती. मग हसू थांबलं. हिने उजवा हात पाण्यातून काढला आणि जरा वर धरला. "इतकं घट्ट नका हो धरू."

माझ्या दोन्ही हातांत बश्या होत्या. छोट्या खोलीचं दार बोळाच्या टोकाला होतं, आणि त्याला बाहेरून कडी होती. लेक निघाली तेव्हा मीच घातली होती.

मी वळून बघितलं, कडी जागच्या जागी होती.

"आणि नखं कापा," ही खोलीच्या दिशेने मान वळवून म्हणाली. "रुततायत."